परग्रहवासीयांच्या भाषेत भावंडांना काय म्हणावे?

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. आपल्या कादंबरीतील परग्रहवासी उथळ डोहांत अंडी घालतात. एका हंगामात एका डोहात शंभरेक अंडी असतात, ती नऊ रात्रींत मिळून फुटतात आणि त्यांतून जेमतेम चार-पाच पिल्ले मोठी होतात. कोणते अंडे कोणाचे हे कोणालाच ठाऊक नसते. डोहाची राखण करणारे प्रौढच पिल्लांना वाढवतात. लिंग वयात आल्यावर ठरते आणि पुढे बदलूही शकते. या लोकांच्या भाषेसाठी आपण आई, वडील, मोठा भाऊ, धाकटी बहीण, मावशी, आत्या, सावत्र भाऊ अशी बेचाळीस शब्दांची यादी केली, प्रत्येकासमोर एक नवा शब्द लिहिला, आणि तरीही ही भाषा परकी वाटत नाही. भावंडांसाठी किती शब्द असावेत आणि ‘सावत्र’ला काय म्हणावे, हे आपले दोन थेट प्रश्न आहेत.

गोष्टींसाठी आणि खेळांसाठी भाषा रचण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि अशी यादी मी स्वतःही केलेली आहे. तिच्यातील अडचण शब्दांच्या आवाजात नसते. यादीचा डावा रकाना मराठी असतो, म्हणून उजव्या रकान्यात काहीही लिहिले तरी जग मराठीच राहते. ज्यांना लग्न ठाऊक नाही त्यांच्याकडे आत्या आणि मावशी यांत फरक करण्याचे कारण नाही, आणि ज्यांचे लिंग बदलते त्यांना ‘भाऊ’ हा शब्द आयुष्यभर पुरणार नाही. म्हणून ‘किती शब्द’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो: नाते सांगताना हे लोक कोणकोणत्या गोष्टी विचारात घेतात?

मराठीतीलच एक उदाहरण बारकाईने पाहू. एका घरात भाऊ आणि बहीण आहेत, आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या दुसऱ्या भावाचा मुलगा खेळतो आहे. भाऊ त्या मुलाला ‘माझा पुतण्या’ म्हणेल, बहीण त्याच मुलाला ‘माझा भाचा’ म्हणेल. मूल तेच, दोघांशी रक्ताचे अंतर तेवढेच, तरी शब्द बदलला, कारण बोलणारा पुरुष आहे की स्त्री याची नोंद आपली भाषा इथे घेते. आपण हे शब्द दिवसभर वापरतो, पण हा प्रश्न आपल्याला विचारला जातो आहे याचे भान आपल्याला क्वचितच असते. परग्रहवासीयांच्या भाषेतही नेमके असेच, बोलणाऱ्याच्या लक्षातही न येणारे प्रश्न शोधावे लागतात.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी १९०९ मध्ये असे आठ प्रश्न मांडले, आणि आजही मी काम सुरू करताना तेच समोर ठेवतो. पिढी एकच की वेगळी; नाते सरळ वंशरेषेतले की बाजूच्या फांदीवरचे; एकाच पिढीत वयाने मोठा की लहान; नातेवाइकाचे लिंग; बोलणाऱ्याचे लिंग; ज्याच्यामार्फत नाते जुळते त्याचे लिंग; नाते रक्ताचे की लग्नाचे; आणि जोडणारी ती व्यक्ती जिवंत आहे की मृत. मराठी यांतील पहिल्या सातांचा कमी-अधिक उपयोग करते. आठव्याचा उपयोग ती करत नाही; कॅलिफोर्नियातील काही आदिवासी भाषांत मात्र जोडणारा दुवा मरण पावला की लग्नाच्या नात्याचा शब्द बदलतो. हे आठही प्रश्न माणसाच्या शरीरातून आणि घरातून आलेले आहेत. आपल्या लोकांसाठी त्यांतील निम्मे गळून पडतील आणि त्यांच्या जागी नवे येतील.

भावंडांपुरतेच बोलायचे तर माणसांच्या भाषांतही विविधता मोठी आहे. इंडोनेशियनमध्ये वयाने मोठ्याला ‘काकाक’ आणि लहानाला ‘आदिक’ म्हणतात. भाऊ की बहीण हे वेगळे सांगितले तरच कळते. बास्क भाषा वयाकडे पाहत नाही, पण पुरुषाचा भाऊ ‘अनाया’ आणि स्त्रीचा भाऊ ‘नेबा’ असे वेगळे शब्द ठेवते. कोरियनमध्ये थोरल्या भावाला पुरुष ‘ह्योंग’ म्हणतो आणि स्त्री ‘ओप्पा’ म्हणते, पण धाकट्यासाठी दोघांनाही एकच मूळ शब्द पुरतो. हवाईयन भाषेत सारख्या लिंगाच्या भावंडांत मोठा-धाकटा हा भेद होतो, भिन्न लिंगाच्या भावंडांत होत नाही.

इथे एक गणित मला फार बोधक वाटते. भावंडाचे वय मोठे की लहान, भावंडाचे लिंग आणि बोलणाऱ्याचे लिंग, एवढे तीनच प्रश्न घेतले तर आठ प्रकारची भावंडे होतात. या आठांचे शब्दांत गट पाडण्याच्या शक्य पद्धती ४१४० आहेत. माणसांच्या भाषा त्यांतील अगदी थोड्याच पद्धती वापरतात, आणि त्याही पुन्हा पुन्हा. याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण असे की नात्यांचे शब्द दोन ओढींच्या मध्ये तोल साधतात: शब्द थोडे आणि लक्षात ठेवायला सोपे असावेत ही एक ओढ, आणि ऐकणाऱ्याला नेमके माणूस कळावे ही दुसरी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेकडो भाषा तपासणाऱ्या एका अभ्यासाने हाच तोल जगभर दिसतो असे दाखवले.

यातून आपल्यासाठी निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. परकेपणा आणण्यासाठी अनेक लेखक गट वाटेल तसे पाडतात, म्हणजे थोरला भाऊ आणि धाकटी बहीण यांना एक शब्द आणि उरलेल्यांना दुसरा. असे गट परके वाटत नाहीत, मनमानी वाटतात, कारण ते वापरणाऱ्याचा कोणताही हेतू त्यांतून दिसत नाही. प्रश्नच अनोळखी निवडावा आणि मग तो काटेकोरपणे, सगळीकडे सारखाच लावावा. वाचकाला नियम हाताशी येतो आहे असे वाटते, आणि तो नियम आपल्या घरातला नाही हेही त्याला कळते.

प्रश्न निवडताना मी एक कसोटी लावतो. तिच्यामागे एक फसलेले काम आहे. एका खेळासाठी मी मुंग्यांसारख्या समाजाची भाषा रचली होती. मधमाश्यांत आणि मुंग्यांत नर निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याला बाप नसतो. त्यामुळे एकाच आईबापांच्या कामकरी बहिणींत सरासरी तीन चतुर्थांश जनुके समान असतात, पण आई एक आणि बाप वेगळा असेल तर ती एक चतुर्थांशावर येतात. हा भेद मला इतका भावला की मी प्रत्येक पितृशाखेसाठी बहिणीचा वेगळा शब्द केला. संवाद लिहिणाऱ्यांनी त्यांतील एकही शब्द वापरला नाही, आणि त्यांचे बरोबर होते. त्या कथेतील कोणत्याही पात्राला समोरची बहीण कोणत्या बापाची हे वासाने, रंगाने किंवा आठवणीने ओळखता येत नव्हते. जो भेद बोलणाऱ्याला जाणवत नाही, त्याच्यावर रोजच्या बोलण्यातला शब्द उभा राहत नाही. तेव्हापासून प्रत्येक भेदाला मी दोनच गोष्टी विचारतो: तो पात्रांना ओळखता येतो का, आणि त्याने त्यांच्या वागण्यात काही बदलते का?

आता आपले डोह या कसोटीवर पाहू. जन्मदाता कोण हे ओळखता येत नाही, म्हणून आई-वडील हा भेद गळाला. लिंग ओळखता येते, पण टिकत नाही. आपल्या पृथ्वीवरच क्लाउनफिशच्या गटातली प्रमुख मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. अशा जगात लिंगावर आधारलेले नाते दर काही वर्षांनी नव्याने शिकावे लागेल. उरते ती अंडे फुटल्याची रात्र, आणि ती अतिशय बोलकी आहे. गव्हाणी घुबडाची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, काही दिवसांच्या अंतराने फुटतात. आधी बाहेर आलेले पिल्लू मोठे असते आणि खाणे कमी पडले तर बहुधा शेवटचे पिल्लू मरते. आपल्या डोहातही पहिल्या रात्रीचे पिल्लू आणि नवव्या रात्रीचे पिल्लू यांचे नशीब सारखे असणार नाही. ही रात्र ओळखता येते, आयुष्यभर बदलत नाही आणि जगण्या-मरण्याशी बांधलेली आहे. माझ्या मते आपल्या भाषेतील भावंडांचा मुख्य प्रश्न हाच असावा.

मी तो असा लावून पाहिला. ‘थुल’ म्हणजे माझ्या आधीच्या रात्री बाहेर आलेले, ‘विम’ म्हणजे माझ्यानंतरचे, ‘ओश’ म्हणजे माझ्याच रात्रीचे. हे शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत असे मी ठरवतो. त्यांच्याआधी ‘ना’ म्हणजे माझे, किंवा ‘के’ म्हणजे तुझे, हे जोडावेच लागते. माणसांच्या अनेक भाषांत असे आहे. नावाहो भाषेत ‘शिमा’ म्हणजे माझी आई आणि ‘बिमा’ म्हणजे त्याची किंवा तिची आई. कोणाची हे न सांगता बोलायचे झाले तरी ‘कोणाची तरी’ अशा अर्थाचा उपसर्ग लावूनच बोलावे लागते. मी तुझा थुल असेन तर तू माझा विम असतोस, आणि ओश मात्र दोन्ही बाजूंनी ओशच राहतो. आई-वडिलांच्या जागी एकच शब्द, ‘मेक’: मी ज्यातून बाहेर आलो त्या अंड्यावरून ज्याने पाणी खेळते ठेवले तो. स्टिकलबॅक माशांत नर हेच काम करतो, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नाही. आधीच्या हंगामांतल्या डोहकरांसाठी ‘दर’ हे अक्षर मध्ये घातले की पुरते: ‘नादरथुल’. इथे मी मराठीचीच युक्ती वापरली आहे. चुलत, मामे, आते आणि मावस ही चार विशेषणे ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ या दोन शब्दांना लावून आपण आठ नाती सांगतो, आणि त्यासाठी आठ स्वतंत्र शब्द पाठ करावे लागत नाहीत. जवळचे नाते छोट्या, स्वतंत्र शब्दाने आणि दूरचे जोडून केलेल्या शब्दाने सांगण्याकडे भाषांचा कल असतो. हा कल पाळला की रचलेली भाषाही वापरून गुळगुळीत झालेली वाटते.

एक शब्द मी अजून सांगितलेला नाही, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शंभरांतली पंचाण्णव पिल्ले मरत असतील, तर प्रत्येक प्रौढाची बहुतेक भावंडे मृत आहेत आणि त्यांना त्याने नीट पाहिलेलेही नाही. त्यांच्यासाठी ‘हू’ हा एकच शब्द असावा, नेहमी समूहाचा, रात्रींचा भेद न करणारा. ‘नाहू’ म्हणजे माझ्या विणीतले न उरलेले. एखादे म्हातारे पात्र डोहाकाठी बसून फक्त ‘नाहू’ म्हणते आणि पाण्याकडे पाहते, एवढ्या एका वाक्यात आपल्या लोकांचे जे जगणे वाचकापर्यंत पोहोचेल, ते बेचाळीस शब्दांच्या यादीतून पोहोचणार नाही. आपण पाठवलेल्या मजकुरात मृत भावंडांचा उल्लेख कुठेच नव्हता. तो जरूर आणावा.

तेव्हा ‘किती शब्द’ या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर: भावंडांसाठी थुल, विम, ओश आणि हू हे चार, आणि जोडण्यासाठी एक-दोन अक्षरे. मात्र हे आपल्या कथेवर अवलंबून आहे. कथा एकाच विणीतील पाच जणांची असेल तर रात्रींचा भेद आणखी बारीक करता येईल, पहिल्या रात्रीच्या पिल्लाला स्वतःचा शब्द देता येईल. कथा दोन डोहांतील वैराची असेल तर तेवढी बारकाई वाया जाईल आणि डोहाडोहांतील भेदाकडे लक्ष द्यावे लागेल. नाती कथेच्या कडेला असतील तर ‘नाथुल’ आणि ‘नाहू’ हे दोनच शब्द छापील मजकुरात येऊ द्यावेत. बाकीचे आपल्या वहीत असले तरी पुरे.

ध्वनींबद्दल थोडेच सांगतो. आई-वडिलांसाठी ‘मामा’, ‘पापा’ यांसारखे शब्द अनेक असंबद्ध भाषांत सापडतात, कारण दूध पिणाऱ्या बाळाच्या ओठांना म आणि प हे ध्वनी सर्वांत आधी जमतात. अर्थ मात्र ठरलेले नसतात, जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. ज्यांना ओठ नाहीत आणि जे दूध पीत नाहीत, त्यांच्या ‘मेक’मध्ये म येण्याचे तसे कारण नाही. आपण त्यांच्या तोंडाची रचना सांगितलेली नाही. ओठ नसतील तर ‘मेक’ आणि ‘विम’ बदलून घ्यावेत.

शब्द ठरल्यावर ते कोण कोणाला उद्देशून वापरतो हे ठरवावे. नाते सांगणे आणि नात्याने हाक मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक भाषांत मोठ्याला नात्याच्या शब्दाने आणि धाकट्याला नावाने हाक मारतात. मराठीत ‘दादा’ आणि ‘ताई’ आहेत, पण धाकट्याला नात्याने हाक मारण्याचा तसा रूढ शब्द नाही. आपल्या लोकांत ‘नाथुल’ ही हाक होऊ शकते, विमला नावाने बोलावले जाईल, आणि ओशला कदाचित हाकच नसेल, नुसता स्पर्श असेल. मग अनोळखी प्रौढाला कोणी ‘नाथुल’ म्हटले तर तो आदर आहे की लाघव, आणि वयाने मोठ्या शत्रूला भर सभेत ‘नाविम’ म्हटले तर केवढा अपमान, हे सारे वाचकाला न समजावता कळते. संवादाला जोर येतो तो इथे.

आता मराठीत लिहिणाऱ्यालाच भेडसावणारी एक अडचण, जिच्याविषयी आपण विचारले नाही पण जी आपल्याला पहिल्याच पानावर भेटेल. आपल्या पात्रांना कायमचे लिंग नाही, आणि मराठी क्रियापद मात्र लिंग मागते. नाथुल आला, आली की आले? सरसकट नपुंसकलिंग वापरले तर ‘ते पोर’, ‘ते पिल्लू’ अशी छटा येते आणि प्रौढ पात्र लहान वाटू लागते. मी हे असे सोडवतो. भूतकाळातील सकर्मक वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागते आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: ‘नाथुलने दगड उचलला’ यात थुलचे लिंग कुठेच दिसत नाही. ‘नाथुलला भूक लागली’ यातही दिसत नाही. भविष्यकाळात ‘येईल’ तिन्ही लिंगांना सारखेच आहे. अकर्मक भूतकाळ टाळता येत नसेल तेव्हा ‘आले’, ‘होते’ ही रूपे कामी येतात, कारण लेखी मराठीत ती नपुंसकलिंगी एकवचनाची आहेत तशीच आदरार्थी अनेकवचनाचीही आहेत. आदरार्थी अर्थाने वाचक पुरुष गृहीत धरतो, म्हणून त्यांचा मारा करू नये, मधूनमधून वापरावीत. ‘माझा’ की ‘माझी’ हा पेच तर पडतच नाही, कारण ‘ना’ या अक्षराने तो आधीच सोडवला आहे. सर्वनामे मात्र कमी करावी लागतात, आणि नात्याचे शब्द त्यांची जागा घेतात. असे एक प्रकरण लिहून झाले की वाक्यांना एक वेगळीच चाल येते, आणि ती या लोकांना शोभते.

राहिला ‘सावत्र’. या शब्दामागे दुसरे लग्न आहे आणि आपल्या लोकांत लग्नच नाही, म्हणून त्याचे भाषांतर करू नये. पण त्यामागची खरी शंका, म्हणजे हा आपला पुरता आहे की नाही, ती त्यांच्यातही असणार, आणि ती कुठे निर्माण होते हे शोधावे. आपण लिहिले आहे की पुरात एका डोहाची अंडी दुसऱ्या डोहात वाहून येतात. असे अंडे इथल्याच रात्री फुटले, इथल्याच मेकने त्यावर पाणी खेळवले, पण ते इथले नाही. त्याच्यासाठी ‘झे’ हे अक्षर मध्ये घालू: ‘नाझेओश’, पाण्याने आणलेले माझ्या रात्रीचे. वरच्या अंगाचे डोहकर ‘झे’ कधीच गाळत नाहीत, खालच्या अंगाचे पहिल्या हंगामानंतर तो उच्चारणे असभ्य मानतात, असा फरक ठेवून पाहा. मग वाहून आलेले ते पात्र वर्षांनंतर डोहाच्या काठावर येऊन उभे राहते, राखणदार मान वर करतो, आणि तो ‘नाझेओश’ म्हणतो की ‘नाओश’, हे आपल्याला त्या प्रकरणात ठरवायचे आहे.